सहा आणि सात नंबरचं गणित

नोव्हेंबर लागला की ब्रिटनमधल्या स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, क्लबांच्या प्रमोटरांपुढे (क्लब चालवणाऱ्यांपुढे) एक यादी असते. डावीकडे रायडरचं नाव, उजवीकडे त्याच्या गुणांची सरासरी, तीही दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत: ७.४८, ६.१२, ३.९०. या यादीतून सात जण निवडायचे. अट एकच, सातांच्या सरासऱ्यांची बेरीज लीगने ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. आयपीएलच्या लिलावात पैशाची मर्यादा असते, इथे गुणांची. क्लब कितीही श्रीमंत असला तरी नऊ-नऊ सरासरीचे सात रायडर त्याला घेता येत नाहीत.

वरवर पाहता ही बेरजेची गोष्ट आहे. मला मात्र त्या दोन दशांश स्थळांनी बरेच दिवस गुंतवून ठेवलं. रायडर किती चांगला आहे हे एका आकड्यात सांगता येतं का, आणि सांगितलं तर त्यावर किती विसंबायचं? मोजमापाचं शास्त्र जिथे जिथे लागतं तिथे हाच प्रश्न येतो. स्पीडवेत त्याचं उत्तर दर आठवड्याला ट्रॅकवर तपासलं जातं, म्हणून तो इथे पाहायला फार सोयीचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. लंबगोल ट्रॅक, वर बारीक दगडी चुऱ्यासारखी सैल माती, जिला तिथे शेल म्हणतात. चार रायडर, डावीकडे वळत चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिटाची शर्यत. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मेथनॉलवर चालणारी. तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतो. ब्रेक नाही म्हटल्यावर वळण घ्यायचं कसं? रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो. गाडी आडवी होते, हँडल उजवीकडे फिरलेलं असतं आणि गाडी डावीकडे वळत असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण मागच्या चाकाकडे पाहिलं की उलगडा होतो. गाडीचं तोंड वळणाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे इंजिनाचा जोर तिला पुढे ढकलतो, शिवाय आतही ढकलतो. वर्तुळात फिरण्यासाठी केंद्राकडे जे बल लागतं, त्याचा मोठा वाटा ॲक्सिलरेटरच देतो. रायडर मनगटाने वळण घेतो म्हणा ना. डाव्या पायाच्या बुटाला पोलादी तळ असतो, तो जमिनीवर टेकवून तोल सावरायचा.

हे मनगट ट्रॅकगणिक वेगळं चालावं लागतं. शेफील्डचा ट्रॅक सुमारे ३६० मीटरचा, पूलचा सुमारे ३०० मीटरचा. एकावर लांब सरळ धाव आणि मोकळी वळणं, दुसऱ्यावर सतत गाडी आडवी. त्यात शर्यती होत जातात तशी सैल माती उडून बाहेरच्या कडेला साचते. बाहेरून गेलं तर चाकाला पकड जास्त, पण अंतरही जास्त. किती? वर्तुळाची त्रिज्या एक मीटरने वाढली की परीघ ६.२८ मीटरने वाढतो. चार फेऱ्यांचे झाले २५ मीटर. ताशी ७५ किलोमीटरच्या सरासरी वेगाने ते कापायला सव्वा सेकंद लागतो, आणि शर्यती त्याहून कितीतरी कमी फरकाने सुटतात. बाहेरची माती हा सव्वा सेकंद भरून देईल की नाही, हे त्या दिवसाच्या ट्रॅकवर अवलंबून असतं आणि रायडरला ते पहिल्या वळणाआधी ओळखावं लागतं. घरच्या ट्रॅकवर आठवड्यामागून आठवडे फिरणाऱ्याला ते पाठ असतं, पाहुण्याला नसतं. म्हणूनच दुसऱ्या क्लबातून रायडर घेताना जाणकार त्याच्या एकूण सरासरीपेक्षा परक्या ट्रॅकवरच्या गुणांकडे आधी पाहतात. घरचा विक्रम त्याच्या सामानासोबत येत नाही.

आता गुण. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. लीगच्या सामन्यात अशा १५ शर्यती, त्यांना हीट म्हणतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर. म्हणजे एका सामन्यात ९० गुण आणि जिंकायला ४६ हवेत. सात रायडर प्रत्येकी चार वेळा उतरतात, हे २८ झाले. शेवटच्या पंधराव्या हीटला व्यवस्थापक आपले दोन खास रायडर निवडून उतरवतो, एकूण ३०. प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेल्या चार शर्यती येतात, म्हणून सरासरीही चार शर्यतींच्या हिशेबात मांडतात: एकूण गुणांना शर्यतींच्या संख्येने भागायचं आणि चाराने गुणायचं. सगळ्या शर्यती जिंकणाऱ्याची सरासरी बारा.

यात एक खुबी आहे, बोनस गुणाची. आपल्याच साथीदाराच्या लगेच मागे दुसरा किंवा तिसरा आलेल्या रायडरला एक जादा गुण मिळतो. तो संघाच्या धावफलकात धरत नाहीत, पण रायडरच्या सरासरीत धरतात. हेतू चांगला आहे. पुढे आपलाच माणूस असेल तर त्याच्याशी झटापट करून दोघांनी पडण्यापेक्षा मागच्यांना अडवावं. धावफलकात हे ७+१ असं लिहितात आणि सगळे प्रतिस्पर्धी ज्याच्या मागे राहिले त्याचा ‘पेड मॅक्झिमम’ झाला असं म्हणतात.

या बोनसने सरासरी किती फुगते याचा मी हिशेब करून पाहिला. चौघेही तुल्यबळ आहेत असं धरू. दोन संघांचे दोन-दोन रायडर सहा प्रकारे ओळीत येऊ शकतात. त्यांपैकी चार प्रकारांत कुणा ना कुणाला बोनस मिळतो, दोनांत मिळत नाही. म्हणजे हीटमागे सरासरी दोन तृतीयांश बोनस, सामन्यात दहा, प्रत्येक संघाला पाच. बोनस नसता तर सर्वसाधारण रायडरची सरासरी बरोबर सहा आली असती. बोनसमुळे ती ६.६७ च्या आसपास जाते आणि सातांची बेरीज ४६ पूर्णांक दोन तृतीयांश होते. आता समजा लीगने मर्यादा ४२ ठेवली. मग मध्यम वकुबाच्या संघालासुद्धा हिवाळ्यात कुणाला तरी सोडावं लागेल. दर वर्षी संघ मोडून नव्याने बांधायला लागावेत हे या नियमात मुळातच आहे.

प्रबळ संघांना आवर घालण्याची ही धडपड जुनी आहे. लंडनजवळच्या एपिंग जंगलात हाय बीच इथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झालेली शर्यत ब्रिटनमधल्या स्पीडवेची सुरुवात मानली जाते. पुढच्याच वर्षी लीग सुरू झाल्या. १९६५ साली ब्रिटिश लीग स्थापन झाली, तेव्हा ‘रायडर कंट्रोल’ नावाची व्यवस्था होती. बलाढ्य संघातला रायडर उचलून दुबळ्या संघाकडे पाठवला जाई. त्यात माणसांचा निर्णय होता आणि निर्णय आला की रुसवेफुगवे आले. गुणमर्यादेने ते काम आकड्यांवर सोपवलं.

पण आकडा तरी किती खरा? रायडर अगदी मध्यम आहे, चारही जागा त्याला सारख्याच शक्य आहेत असं धरू. एका शर्यतीतल्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात याचं माप, येतं सुमारे १.१२. वीस शर्यतींनंतर त्याच्या सरासरीत एका गुणाची अनिश्चितता असते. ऐंशी शर्यतींनंतर, म्हणजे जवळजवळ पूर्ण हंगामानंतर, अर्ध्या गुणाची. यादीत ६.१२ आणि ६.३७ असे दोघे असतील तर त्यांच्यात श्रेष्ठ कोण हे ती यादी सांगूच शकत नाही. तरी संघबांधणीत शंभराव्या भागापर्यंत हिशेब चालतो आणि ०.०५ ने मर्यादा ओलांडते म्हणून एखाद्याची जागा जाते. त्या रायडरच्या बाजूने पाहिलं तर हे मला फार कठोर वाटतं. एखाद्या ओल्या संध्याकाळी मिळालेला एक गुण त्याच्या पुढच्या वर्षीच्या कमाईच्या आड येतो.

शिवाय सरासरी कुणाविरुद्ध कमावली हे तिच्यात दिसत नाही. सर्वांत कमी सरासरीचे दोघे सहा आणि सात नंबरवर, म्हणजे राखीव म्हणून उतरतात. सामन्याची दुसरी हीट राखिवांचीच असते, त्यांच्या समोर प्रतिस्पर्धी संघाचे राखीव. उलट एक नंबरच्या रायडरला दुसऱ्या संघाच्या बड्यांशीच झुंजावं लागतं. तेव्हा राखिवाचे सहा आणि म्होरक्याचे सहा यांना एकच आकडा म्हणणं हे फक्त बेरजेच्या सोयीचं आहे.

आणि हंगामात नव्या सरासऱ्या लागू झाल्या की क्रम बदलतो. समजा एका चांगल्या रायडरचे दोन महिने वाईट गेले, मनगटाला दुखापत होती, इंजिन नीट चालत नव्हतं. त्याची सरासरी घसरते आणि तो राखीव जागेवर येतो. तोवर मनगट बरं झालेलं असतं. आता त्याच्यासमोर सोपे प्रतिस्पर्धी, आणि राखिवाला साथीदारांच्या बदली उतरून एका सामन्यात सात शर्यतींपर्यंत मजल मारता येते. असा ‘तगडा राखीव’ महिनाभर अख्खी लीग हलवून टाकतो. मग त्याची सरासरी वाढते आणि तो पुन्हा वर जातो. मोजमापानेच परिस्थिती बदलली आणि बदललेल्या परिस्थितीने पुढचं मोजमाप.

संघबांधणीतला सगळा पेच इथे येऊन थांबतो. साठ उपलब्ध रायडरांतून सात निवडायचे तर ३८ कोटी ६२ लाखांहून अधिक जोडण्या होतात. गणितात याला ‘नॅपसॅक’ कोडं म्हणतात: पिशवीला वजनाची मर्यादा आहे, आत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा भराव्यात? एवढ्या जोडण्या संगणक भराभर तपासेल. अडचण ती नाहीच. वस्तूचं वजन माहीत आहे, मोल माहीत नाही. वजन म्हणजे गेल्या वर्षीची सरासरी, मोल म्हणजे येत्या वर्षीची. दोन्ही सारखी असती तर मर्यादेला टेकलेला प्रत्येक संघ समान ठरला असता आणि लीग खेळवायचं कारण उरलं नसतं.

मग मोल कुठे सापडतं? दोन रायडर घ्या, दोघांची सरासरी ७.५०. एकाचं वय एकवीस, मागच्या तीन हंगामांत ४.९०, ६.१० आणि ७.५०. दुसरा छत्तिशीचा, ८.६०, ८.१० आणि ७.५०. पिशवीत दोघांचं वजन सारखंच. आणि वाढ कुणाची किती होऊ शकते हेही पाहा. साडेदहा सरासरीचा रायडर बारापाशीच उभा आहे, त्याच्या वर मोकळी जागा नाही. तीनचा मात्र साडेपाचवर जाऊ शकतो. मर्यादेपेक्षा संघाला जे काही जास्तीचं मिळवायचं असतं ते बहुतेक तळातूनच येतं. सामने राखीव जिंकून देतात असं स्पीडवेचे जुने प्रेक्षक म्हणतात, ते हिशेबालाही धरून आहे. माझ्या मते चांगल्या व्यवस्थापकाची परीक्षा एक नंबर निवडताना होत नाही, सहा आणि सात निवडताना होते.

आयव्हन मॉगरचं उदाहरण इथे आठवतंच. सतरा वर्षांचा हा मुलगा १९५७ साली न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चहून लंडनला विम्बल्डन क्लबात आला. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही आणि तो परत गेला. १९६३ साली न्यूकॅसलने त्याला पुन्हा संधी दिली. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं तो जगज्जेता झाला, पुढे आणखी तीनदा. मधल्या काळात तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला आला आणि त्या संघाने १९७०, १९७१ आणि १९७२ मध्ये लीग जिंकली. विम्बल्डनच्या दिवसांतल्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

अशा मुलांना जागा कुठून द्यायची हा ब्रिटिश स्पीडवेचा आजचा मोठा प्रश्न आहे. पोलंडमध्ये पैसा जास्त आहे, तिथले रायडर आणि तिथली लीग दोन्ही पुढे गेली आहेत. ब्रिटनमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनसारखी नावाजलेली ठिकाणं बंद पडली. २०१४ साली वरच्या लीगमध्ये राखीव जागा तरुण ब्रिटिश रायडरांना राखून त्या रायडरांची क्लबांमध्ये वाटणी केली गेली आणि २०२१ साली ‘रायझिंग स्टार’ म्हणून संघात एक वेगळी जागा सुरू झाली. मला हे पाऊल मनापासून पटतं. कारण गुणमर्यादेतला खरा अन्याय इथेच आहे. तीन सरासरीच्या पोराला क्लबने घेतलं, पडू दिलं, उभं केलं, सहावर आणलं. लीग जिंकली. हिवाळ्यात बेरीज केली तर ती मर्यादेबाहेर, आणि ती बाहेर गेली ती त्या पोराच्या तीन गुणांमुळे. सोडायचं कुणाला? बऱ्याचदा त्यालाच, कारण आता त्याचं वजन मोलाइतकंच झालेलं असतं. शिकवणाऱ्या क्लबाच्या पदरात त्या तीन गुणांपैकी थोडी सूट पडायला हवी.

पोरगा मार्चमध्ये दुसऱ्या गावी जातो. तिथला ट्रॅक तीसेक मीटरने लांब असतो. सरावाच्या पहिल्या दिवशी तो मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, काढतो, दात मोजतो आणि वेगळ्या दातांचं बसवतो.