क्लेझ्मर आणि यिद्दिश गाण्यांच्या उन्हाळी कार्यशाळा

पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या लग्नांत वाजणारे क्लेझ्मर हे वाद्यसंगीत आणि त्याच समाजाची यिद्दिश भाषेतील गाणी शिकवणारी निवासी शिबिरे. एखादे शिबिर साधारण आठवडाभर चालते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ऑगस्टअखेरीस भरणारे ‘क्लेझकॅनडा’ आणि जर्मनीतील ‘यिद्दिश समर वायमार’ ही त्यांतली सर्वांत परिचित नावे. गंमत म्हणजे या प्रथेचा उगम उन्हाळ्यातला नाही; पहिले मोठे शिबिर भर डिसेंबरात भरले होते.

क्लेझ्मोरिम म्हणजे पेशाने वाजंत्री. युक्रेन, बेसारेबिया, गॅलिसिया, लिथुआनिया या भागांत हा धंदा बहुधा घरातूनच चालत येई. मुलगा बापाच्या किंवा काकाच्या ताफ्यात जाऊन बसायचा. या ताफ्याला ‘कापेल्ये’ म्हणत. त्यात व्हायोलिन मुख्य. सोबत सिम्बल (आपल्या संतूरसारखे, काड्यांनी वाजवायचे तंतुवाद्य), बास, ढोल आणि एकोणिसाव्या शतकात आलेली क्लॅरिनेट. शिकवणी अशी वेगळी नव्हती. पोरगा आधी ढोल वाजवी किंवा दुय्यम व्हायोलिनवर ताल धरी आणि लग्नामागून लग्न करता करता तयार होई. पाहुण्यांच्या स्वागताची धून कोणती, नवरीला खुर्चीवर बसवून रडवायच्या विधीला काय वाजवायचे, यमके जुळवत बोलणारा ‘बादखेन’ थांबला की व्हायोलिनने कुठे शिरायचे, हे सारे मांडवातच कळे.

ही साखळी एका घावाने तुटली नाही. १८८० ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर वादकही गेले. नाफ्तुले ब्रांडवाइन (१८८४–१९६३) आणि डेव्ह टॅरस (१८९७–१९८९) या क्लॅरिनेटवादकांनी न्यूयॉर्कमध्ये ७८ आरपीएमच्या तबकड्या गाजवल्या. पण त्यांच्या पुढच्या पिढीला जॅझ आणि अमेरिकन नाचगाणी अधिक जवळची वाटली, आणि १९४८ नंतर लग्नांत इस्रायली गाणी आली. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना नाझींनी संपवले. सोव्हिएत संघात कीव्हचे संशोधक मोइसेई बेरेगोव्स्की (१८९२–१९६१) यांनी मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रणे करून आणि लिपीबद्ध करून हे संगीत जपले. १९५० मध्ये त्यांनाच अटक झाली आणि १९५५ पर्यंत ते छावणीत होते. वाद्यसंगीतावरचा त्यांचा ग्रंथ मॉस्कोत छापला गेला तो १९८७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील तरुण ज्यू वादक या तबकड्यांकडे वळले. यातले बरेच जण आधी दुसऱ्यांचे लोकसंगीत वाजवत होते: कोणी बाल्कन, कोणी ॲपलेशियन डोंगरांतले. बँजोवादक हेन्री सापोझ्निक नॉर्थ कॅरोलिनात म्हाताऱ्या फिडलवादकांकडे शिकायला जात असे. तुमच्या लोकांना स्वतःचे संगीत नाही का, असे त्यातल्या एकाने त्याला विचारले, ही हकीकत या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिकडे अँडी स्टॅटमन आणि झेव्ह फेल्डमन यांनी वृद्ध टॅरसला गाठले. १९७८ मध्ये न्यूयॉर्कला त्याची मैफल घडवून आणली. स्टॅटमन त्याचा शागीर्द झाला. पण सगळ्यांनाच असा उस्ताद मिळणे शक्य नव्हते. हयात वादक मोजके, थकलेले, आणि शिकू पाहणारे शेकडो.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘क्लेझकँप’. न्यूयॉर्कच्या ‘यीवो’ या यिद्दिश संशोधन संस्थेत काम करणारे सापोझ्निक आणि गायिका एड्रिएन कूपर (१९४६–२०११) यांनी १९८५ च्या डिसेंबरात कॅट्सकिल डोंगरातल्या एका जुन्या ज्यू हॉटेलात तो भरवला. नाताळचा आठवडा: नोकरदारांना सुट्टी, आणि नाताळ न पाळणाऱ्यांना दुसरे काही करायचे नाही. लोकसंगीताच्या निवासी शिबिरांचा साचा अमेरिकेत आधीपासून होता. क्लेझकँपने त्यात घातलेली भर अशी की वाद्य, गाणे, नाच, भाषा आणि हस्तकला यांना एका छपराखाली आणले आणि म्हाताऱ्यांना तरुणांशेजारी जेवायला बसवले. क्लॅरिनेटवादक सिड बेकरमन, मॅक्स एपस्टाइन, व्हायोलिनवादक लिऑन श्वार्ट्झ या मंडळींनी हयातभर हे संगीत पोटासाठी वाजवले होते. इथे ते एकदम गुरुजी झाले. १९९४ मध्ये ब्रुकलिनला आलेले बेसारेबियाचे गेर्मन गोल्डेनश्टाइन (१९३४–२००६) यांचे उदाहरण तर विशेष. त्यांच्या सामानात आठशेहून जास्त धुनींच्या हस्तलिखित वह्या होत्या. डिसेंबर २००५ मध्ये क्लेझकँपमध्येच त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि सहा महिन्यांत ते गेले. आज या वह्यांतल्या धुना जगभरच्या शिबिरांत रात्रीच्या बैठकीत सर्रास वाजतात. क्लेझकँप २०१४ मध्ये तीस वर्षे पुरी करून थांबले.

तोवर रोप इतरत्र लागले होते. क्लेझकॅनडा १९९६ मध्ये मॉन्ट्रियलच्या उत्तरेला लॉरेन्शियन डोंगरात, तळ्याकाठच्या एका मुलांच्या छावणीत सुरू झाले. तरुणांना शिष्यवृत्ती देऊन आणण्यावर त्याने पहिल्यापासून भर दिला आणि आजचे कितीतरी शिक्षक तिथले जुने विद्यार्थी आहेत. १९९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘क्लेझफेस्ट’ सुरू झाला, पाठोपाठ कीव्हमध्ये आणि लंडनमध्ये. पोलंडमधील क्राकोव्हच्या ज्यू संस्कृती महोत्सवात (१९८८ पासून) मैफलींना जोडून कार्यशाळा होतात. वायमारची सुरुवात १९९९ मधल्या एका कार्यशाळेतून झाली. तिचे सूत्रधार ॲलन बर्न हे अमेरिकेत जन्मलेले अकॉर्डियन आणि पियानोवादक. त्यांनी दरवर्षी एक विषय घेऊन शिकवण्याचा शिरस्ता पाडला.

शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वर्गात शिरल्यावर पहिली सूचना बहुधा हीच असते की नोटेशनचे कागद पिशवीत ठेवा. शिक्षक एक तुकडा वाजवतो, वर्ग तो परत वाजवतो. चार तुकडे झाले की धुनीचा एक भाग पुरा. कागदावर क्लेझ्मरचे हाड उतरते, मांस नाही. मांस म्हणजे सुरांचे अलंकार. त्यांत सर्वांत प्रसिद्ध ‘क्रेख्त्स’, म्हणजे हुंदका. व्हायोलिनवर तो काढताना सूर संपता संपता मोकळ्या बोटाने वरच्या जागेला निसटता स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी गज अडवायचा; वरचा सूर ऐकू येता कामा नये, नुसता घसा दाटल्याचा भास व्हावा. क्लॅरिनेटवाले तोच परिणाम गळ्याने आणि चावीच्या झटक्याने साधतात. पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतलेल्यांना हे भारी जड जाते, कारण स्वच्छ, भरलेला, शेवटपर्यंत तोललेला सूर काढण्यात त्यांची वर्षे गेलेली असतात. उलट नवशिक्याचा उत्साह असा की प्रत्येक सुराला हुंदका. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिक्षकाला सांगावे लागते की आता निम्मे काढून टाका.

स्वरांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक वाट सोपी आहे. ‘फ्रेगिश’ या क्लेझ्मरच्या लाडक्या स्वरसप्तकात कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, पंचम, कोमल ध, कोमल नी लागतात. हे स्वर आपल्या बसंतमुखारीचे. ‘मिशेबेराख’ या दुसऱ्या सप्तकात कोमल ग आणि तीव्र म एकत्र येतात, कोमल नीसह. कर्नाटक संगीतातल्या हेमवतीचे स्वर हेच. स्वर जुळले म्हणून राग जुळला असे अर्थात नाही. चलन, विश्रांतीच्या जागा, अलंकार, सगळे निराळे. आणि मूळ आधार सिनेगॉगमधल्या प्रार्थना-गायनाचा. तालात न बांधलेल्या ‘डॉयना’त मात्र आलापाची सवय असलेला कान लवकर रमतो. ‘होरा’ हा तीन मात्रांचा संथ ताल: पहिल्या मात्रेवर बास, तिसरीवर साथीचे स्वर, दुसरी रिकामी. ही रिकामी मात्रा सर्वांनी मिळून सांभाळणे हे पहिल्या दिवसाचे खरे कसब.

माझ्या मते या शिबिरांचा खरा गुरू नाचाचा वर्ग आहे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या ऐकून शिकलेला वादक धून तीनदा वाजवून थांबतो आणि वेगही मैफलीचा धरतो. नाचणाऱ्यांसमोर उभे राहिले की पितळ उघडे पडते. चार जोड्यांचा ‘शेर’ पुरा व्हायला बराच वेळ लागतो, वर्तुळातला ‘फ्रेलेख्स’ लोक दमेपर्यंत चालतो, आणि ‘खोसिदल’ला घाई खपत नाही. धून बदलायची कधी, हे नाचणाऱ्यांचे पाय पाहून ठरवावे लागते. मायकेल आल्पर्ट, झेव्ह फेल्डमन, स्टीव्ह वाइनट्राउब यांच्यासारख्यांनी जुन्या लोकांकडून पदन्यास गोळा करून तो शिकवला नसता तर क्लेझ्मर फक्त खुर्चीत बसून ऐकायचे संगीत उरले असते. लग्नात जे शिक्षण होई त्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा हीच.

गाण्याचा वर्ग वेगळ्या अडचणीने सुरू होतो. बहुतेकांना यिद्दिश येत नाही, हिब्रू लिपी वाचता येत नाही. त्यामुळे शब्द रोमन अक्षरांत देतात आणि सकाळी भाषेची तासिका ठेवतात. उच्चारांचाही घोळ: पाठ्यपुस्तकी यिद्दिशमधला ‘गुट’ युक्रेन-पोलंडच्या बोलीत ‘गिट’ होतो आणि अनेक गाण्यांची यमके बोलीतल्या उच्चारानेच जुळतात. अंगाईगीते, कामगारांची गाणी, प्रेमाची आणि दगाफटक्याची गाणी, रंगभूमीवरची पदे, घेट्टोंतली (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांतली) गाणी आणि हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे शब्दांविना गायचे ‘निगुन’ असा पसारा आहे. जुनी गाणारी बाई साथीविना, एकटीने, पाणी भरता भरता गायची. तो ढंग आल्पर्टने युक्रेनच्या ब्रोन्या साकिना यांच्याकडून उचलला. चेर्नोव्हित्सला वाढलेल्या कवयित्री बेयले शेख्टर-गॉट्समन (१९२०–२०१३) यांच्यामुळे नवी यिद्दिश गाणीही शिबिरांच्या संग्रहात आली. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागतो, तेव्हा धर्म पाळणारे वाद्ये बाजूला ठेवतात आणि जेवणाच्या टेबलाभोवती निगुन घोळवला जातो. शब्द नसल्याने त्यात कोणीही सामील होतो.

ज्यू गाणे म्हणजे यिद्दिश गाणे हे समीकरण मात्र या शिबिरांपुरतेच खरे. कोकणातील बेने इस्रायलींचा यिद्दिशशी संबंध नाही. त्यांची मायबोली मराठी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचून गायली. त्यांच्या बायकांची मराठी गाणी इस्रायलमध्येही गेली.

या प्रथेवर आक्षेपही आहेत. शिक्षक स्वतःच तबकड्यांवर पोसलेले असल्याने ब्रांडवाइन आणि टॅरस यांची न्यूयॉर्कची शैली हेच एकमेव क्लेझ्मर असा समज बराच काळ रुजला. शिबिरांत तीच ती पाच-पन्नास धुनींची पुंजी फिरते. प्रवास आणि राहणे धरता खर्च परवडण्यासारखा नसतो. युरोपातला प्रश्न आणखी नाजूक आहे. अर्जेंटिनात जन्मलेले क्लॅरिनेटवादक गिओरा फाइडमन १९८४ मध्ये बर्लिनच्या रंगमंचावर एका नाटकातून गाजले आणि त्यानंतर जर्मनीत क्लेझ्मरची लाट आली; शिकणारे बहुतेक ज्यू नव्हते. वायमारजवळच्या एटर्सबर्ग टेकडीवर बुखेनवाल्डची छळछावणी होती. अशा गावात जर्मन विद्यार्थ्यांनी यिद्दिश गाणी गावीत का, यावर वाद झडले. वायमारच्या मंडळींची भूमिका अशी की यिद्दिश संस्कृती पहिल्यापासून शेजाऱ्यांशी देवघेव करत वाढली. मोल्डाव्हियन, रोमा (जिप्सी), युक्रेनी वादकांना वगळून क्लेझ्मर सांगताच येत नाही. हे इतिहासाला धरून आहे. पण आपुलकी आणि अपराधभावनेची सरमिसळ झाली की वादन भावविवश होते, ही तक्रारही खोटी नाही.

२०२० मध्ये महामारीमुळे क्लेझकॅनडासह अनेक शिबिरे ऑनलाइन झाली. एकत्र वाजवणे इंटरनेटवर जमत नाही, आवाज मागेपुढे होतो. त्यामुळे वेळ वळला तो जुन्या कागदपत्रांकडे. झुस्मान किसेलगोफ (१८७८–१९३९) यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी लेखक आन-स्की यांच्या ज्यू लोकसंस्कृती टिपणाऱ्या मोहिमेत जमवलेल्या आणि खाब्नो गावचे व्हायोलिनवादक माकोनोवेत्स्की यांनी लिहून ठेवलेल्या धुना कीव्हच्या व्हर्नाड्स्की ग्रंथालयात पडून होत्या. त्या पानांच्या प्रतिमा हाती आल्यावर ‘क्लेझ्मर इन्स्टिट्यूट’ने देशोदेशींच्या स्वयंसेवकांकडून त्यांचे संगणकीय नोटेशन करून घेतले. हे काम करणाऱ्यांत शिबिरांत शिकलेले बरेच वादक आहेत, आणि तबकड्यांवर कधीच न आलेल्या यातल्या धुना आता उन्हाळी वर्गांत शिकवल्या जातात.