समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांचे भक्षकांपासून अहिंसक संरक्षण

सुरय, कुरव, पेंग्विन, अल्बाट्रॉस असे अनेक समुद्रपक्षी उघड्या वाळूत, खडकांवर किंवा बिळात अंडी घालतात. तेथे येणाऱ्या भक्षकांना न मारता अंडी व पिल्ले वाचवण्याच्या उपायांना अहिंसक संरक्षण म्हणतात.

सुरयाची ठिपकेदार अंडी वाळूत सहज दिसत नाहीत. मात्र रात्री वासावर माग काढणाऱ्या कोल्ह्यापुढे हा रंग कुचकामी ठरतो. नुकसान केवळ खाल्लेल्या अंड्यांपुरते नसते. सततच्या धास्तीने पक्षी उठून जातात आणि उरलेली अंडी थंड पडतात. कधी कधी सगळी वसाहतच ओस पडते.

विणीच्या हंगामापुरते उभारलेले विजेचे जाळीदार कुंपण कोल्ह्याला अडवते, खरूचीसारख्या शिकारी पक्ष्याला नाही. त्यासाठी पिल्लांना लपायला कौले किंवा लाकडी आडोसे ठेवतात. इंग्लंडच्या ग्रेट यार्मथ किनाऱ्यावर लहान सुरयाची पिल्ले वाचवण्यासाठी खरूचींनाच त्यांच्या स्वतःच्या घरट्यांजवळ आयते खाद्य पुरवले गेले.

राखणदार कुत्र्यांचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. ऑस्ट्रेलियातील वॉर्नंबूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे पोहोचत. शेकडो छोटे पेंग्विन होते तेथे २००५ पर्यंत दहासुद्धा उरले नव्हते. २००६ पासून मेंढ्या राखणारे मारेम्मा जातीचे कुत्रे बेटावर ठेवले गेले आणि संख्या पुन्हा शंभराच्या वर गेली. कुत्र्यांचा वावर व वास कोल्ह्यांना दूर ठेवतो. पण २०१७ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्रे बेटावर नसताना कोल्ह्यांनी अनेक पेंग्विन मारले. राखण खंडित झाली की आधीची मेहनत किती लवकर वाया जाते, हे तेथे दिसले.

न्यूझीलंडमध्ये नदीपात्रात घरटी करणाऱ्या किनारपक्ष्यांसाठी वेगळी युक्ती वापरली गेली. पक्षी येण्याच्या काही आठवडे आधीच पक्ष्यांचा वास परिसरात पसरवला. वासामागे खाद्य मिळत नाही असे कळल्यावर मांजरे व फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) त्याकडे दुर्लक्ष करू लागले आणि खरी घरटी बऱ्याच प्रमाणात बचावली. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींतही ही युक्ती आजमावण्याजोगी आहे.

उंदीर आधीच शिरलेले असतील तर हे उपाय तोकडे पडतात. हवाईतील काएना पॉइंट येथे २०११ मध्ये भक्षकरोधक कुंपण पूर्ण झाले. त्याची जाळी उंदीरही शिरणार नाही इतकी बारीक आहे. तरीही आत अडकलेले उंदीर, मुंगूस व मांजरे काढून टाकावीच लागली.