त्वचेची काळजी आणि रंगाची लाज यात गल्लत नको

मुलगी आरशासमोर क्रीम लावताना दिसली की घरात दोन प्रकारचं बोलणं होतं, एक तर "कशाला ही नटवेगिरी, मन चांगलं असलं की झालं" नाहीतर मग "लाव गो लाव, जरा उजळशील". मला दोन्ही पटत नाही. त्वचेची काळजी घेणं वेगळं आणि स्वतःच्या रंगाची लाज वाटणं वेगळं, फक्त लांबून बघितलं तर सारखंच दिसतं, तोच आरसा, तीच ट्यूब.

आधी काळजी म्हणजे काय ते बघू. आमच्याकडे मालवणात मासे विकणारी एक मावशी आहे, ऊन तापायला लागलं की साडीवरून पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवते, डोक्याला फडकं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बोटांच्या पेरांना खोबरेल चोळते कारण बर्फ आणि खाऱ्या पाण्यानं तिथे चिरा पडतात आणि मीठ लागलं की झोंबतं. सिझनला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, दिसला की तोही घेते, हौस म्हणून. हे सगळं तिला स्वतःसाठी हवंय. चिरा भरल्या की काम झालं, दुसऱ्या दिवशी ती तेवढ्याच मोठ्या आवाजात गिऱ्हाइकाला हाक मारते.

सनस्क्रीन पण याच खात्यातलं. एसपीएफ ३० वालं नीट लावलं तर उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडतात, घाम आला किंवा दोनेक तास झाले की परत लावायचं, बस. त्यानं मूळ रंग गोरा होत नाही आणि व्हायची गरजही नाही.

आता लाज. ही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून येते. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन जातात आणि मध्यस्थाकडून निरोप येतो, "चेडू बरा आसा, पण रंगान कमी". शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळं त्या एका "पण"च्या अलीकडे राहतं. मला याचा खरंच राग येतो, कारण रंग कमी म्हणजे नक्की काय कमी? सावळ्या आणि गोऱ्या माणसाच्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते, फरक असतो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवतात यात. ते मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर जमून आतल्या डीएनएला उन्हापासून वाचवतं, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ते असणं फायद्याचंच आहे. गालावर वांग आले असतील तर ती वेगळी गोष्ट, त्याला इलाज आहे, डॉक्टरला दाखवावं. पण जन्मजात रंग हा आजारच नाही, मग तो बरा कसा होणार?

म्हणूनच लाजेला शेवट नसतो आणि त्याच्यावर धंदा चालतो. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं, २०२० मध्ये नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं. त्याच्या आधी २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयला नियम काढून सांगावं लागलं की सावळी माणसं दुःखी किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नका. जाहिरातीला नियम लावता येतो, मध्यस्थाच्या निरोपाला कोण लावणार?

घरात ओळखायचं कसं, तर क्रीम संपलं त्या दिवशी काय होतं ते बघा. काळजी घेणारी म्हणते उद्या बाजारात गेले की आणेन. लाज वाटणारी त्या दिवशी मैत्रिणीच्या हळदीलाच जात नाही, गेली तर फोटोत मागे उभी राहते. मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माणूस स्वतःची किंमत कशाकशावर ठरवतो याची सात क्षेत्रं मांडली, त्यात दिसणं आहे, इतरांची पसंती आहे, घरच्यांचा आधार आणि सचोटीही आहे. सगळा भार दिसण्यावर आणि पसंतीवर टाकला की किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.

आणि "रंगाचं सोड, तुझं मन किती सुंदर आहे" हे समजावणंही मला खटकतं, प्रेमानं म्हटलं तरी. त्यात चेहऱ्यात काहीतरी उणं आहे हे आधीच मान्य केलेलं असतं आणि मनाचा चांगुलपणा उत्तेजनार्थ बक्षिसासारखा हातात दिला जातो. मन चांगलं असणं ही मोठी गोष्ट आहे, ती कशाची भरपाई नाहीये.

घरातल्या कोणाची ट्यूब दिसली तर आधी मागची बाजू वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठराविक दिवसांसाठी द्यायचं औषध, पण उजळायला म्हणून महिनोन् महिने चोळलं जातं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, केस वाढतात, ऊन सहन होत नाही. तिला ओरडू नका आणि ट्यूब फेकूनही देऊ नका, कारण एकदम बंद केलं की चेहरा लाल होऊन भयंकर आग होते आणि घाबरून ती परत तेच लावते. ट्यूब सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, कसं कमी करायचं ते डॉक्टर सांगतील.