थिएटरचं भूत करडंच का असतं?

लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरचं भूत जाम फेमस आहे, त्याला म्हणतातच 'मॅन इन ग्रे'. करडा कोट, तिकोनी टोपी, वरच्या बाल्कनीत दिसतो, तेही भरदिवसा, तालीम नाहीतर मॅटिनी चालू असताना, आणि दिसला की म्हणे नाटक चालणार! (म्हणजे नटमंडळी वाटच बघत असणार बिचाऱ्याची.) जवळ गेलं की भिंतीत गायब.

आता गंमत बघा. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकूपेशी रंग ओळखतात पण त्यांना भरपूर उजेड लागतो, आणि दंडपेशी अंधुक उजेडात चालतात पण त्यांना रंगच कळत नाही, सगळं करडं. त्यात दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. म्हणून अंधारात डोळ्याच्या कडेला काहीतरी दिसतं आणि नीट बघायला मान वळवली की नाहीसं होतं. करडं आणि गायब होणारं, झालं की भूत तयार! बाहेरच्या उन्हातून काळोख्या थिएटरात शिरलं की दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोपर्यंत मेंदू गाळलेल्या जागा भरत बसतो आणि त्याला माणसंच भरायची हौस. कॉलेजात बॅकस्टेज करताना विंगेत उभ्या असलेल्या एका 'माणसाला' मी दोनदा बाजूला हो म्हणालोय, तो हँगरला लटकवलेला अंगरखा होता.

विक टँडी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरलाही लॅबमध्ये असंच नजरेच्या कडेला करडं काहीतरी दिसलं, वळून बघितलं तर गायब. त्यानं दोष दिला एक्झॉस्ट फॅनला, की त्याच्यामुळे साधारण १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा आवाज तयार होत होता. १९९८ मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि थिअरी गाजली. पण नंतर लंडनमध्ये एक खोली मुद्दाम 'झपाटून' लोकांना आत सोडलं तेव्हा तसा आवाज चालू असो वा बंद, लोकांना विचित्र वाटण्यात फरक पडला नाही. काहीतरी विचित्र वाटू शकतं असं आधीच सांगून ठेवलेलं, तेवढं पुरलं बहुतेक.

तिकडच्या बऱ्याच थिएटरांत रात्री रिकाम्या स्टेजवर एक बल्ब चालू ठेवतात, 'घोस्ट लाइट'. भुतांसाठी म्हणतात, पण खरा उपयोग म्हणजे अंधारात कोणी पुढच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात पडू नये. आता एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकच बल्ब म्हटल्यावर प्रत्येक वस्तूची सावली मागच्या भिंतीवर दोन पुरुष उंच जाते, आणि बघणारा हलला की तीही हलल्यासारखी वाटते.