रॉक गिटारचा टोन

टोन म्हणजे सुराचा पोत. तोच सूर, तेवढाच मोठा, दोन जणांनी वाजवला तरी डोळे मिटून सांगता येतं की हा कोण आणि तो कोण, त्याला गिटारवाले लोक टोन म्हणतात. यावर भांडणारे दोन गट कायमचे आहेत, एकाचं म्हणणं सगळा खेळ गिटार, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) आणि पेडलचा (पायाने चालू-बंद करायचे, आवाज बदलणारे डबे), दुसऱ्याचं म्हणणं टोन बोटांत असतो, बाकी सगळी खरेदीची हौस. दोघंही अर्धे बरोबर. तारेपासून स्पीकरपर्यंत एक साखळी असते, प्रत्येक कडी आधीच्या कडीकडून आलेल्यातलं काही कापते आणि काही स्वतःचं घालते, आणि वाजवणाऱ्याचा हात असतो अगदी पहिल्या कडीवर, त्यामुळे तिथला केसाएवढा फरक पुढे गेनमधून, म्हणजे सिग्नल वाढवण्यातून जाऊन चांगला ढळढळीत होऊन बाहेर येतो.

तार आणि हात

तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं पण उठतात, त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. कुठलं किती उठणार हे तार कुठे छेडली यावर ठरतं. मोकळी तार बरोबर मधोमध, म्हणजे १२व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या बाराव्या पट्टीवर) छेडली तर सम क्रमांकाची हार्मोनिक्स जवळजवळ उठतच नाहीत आणि आवाज गोल, पोकळ, बासरीसारखा येतो, आणि तीच तार ब्रिजला, म्हणजे गिटारच्या अंगावर तार जिथे टेकते तिथे, चिकटून छेडली तर तीच तार आहे यावर विश्वास बसणार नाही इतका किरकिरा आवाज येतो. एक रुपयाही खर्च न करता टोन बदलायचा असेल तर हात दोन इंच सरकवून बघायचा, पण हे सांगितलं की लोकांना पटत नाही, त्यांना पेडलच पाहिजे असतं.

तार कशाने छेडतो यानेही फरक पडतो. क्वीन बँडचा ब्रायन मे पिकऐवजी (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो, कडेला बारीक खाचा असल्याने नाणं तिरकं लागलं की सुराच्या सुरुवातीला एक खरखर येते, ती त्याच्या आवाजाची सहीच आहे. मार्क नॉफ्लर बोटांनी वाजवतो, जेफ बेकनेही १९८०च्या दशकात पिक सोडून दिलं आणि अंगठा-बोटं, व्हॉल्यूमचा नॉब आणि ट्रेमोलो बार (तारांचा ताण कमी-जास्त करायची दांडी) एवढ्यावर गिटार जवळजवळ गायला लावली.

तारांची जाडी हा वेगळाच विषय. स्टीव्ही रे वॉन पहिली तार ०.०१३ इंचाची लावायचा, म्हणजे दोरखंडच, आणि ताण जरा कमी व्हावा म्हणून गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. बिली गिबन्स त्याच्या अगदी उलट, एकदम बारीक तारा, आणि तरी आवाज दणकट, त्यामुळे जाड तार म्हणजे जाड टोन हे गणित काही सरळ नाही. ब्लॅक सबाथ बँडच्या टोनी आयोमीचं तर कारणच वेगळं, १७ वर्षांचा असताना कारखान्यातल्या मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा म्हणजे तार दाबायचा हातच तो, मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१च्या अल्बमपर्यंत गिटार दीड स्वर खाली आणली. हेवी मेटलचा तो जड, सैल, घुमणारा आवाज बराचसा या खटपटीतून आलाय.

बेंड (तार ढकलून सूर चढवणं) आणि व्हायब्रॅटो (सूर हलवणं) मात्र कुठल्याच डब्यात मिळत नाही. तार वर ढकलून स्वरापर्यंत नेमकी पोचते का, पोचल्यावर किती रुंद आणि किती सावकाश हलते, यावरून माणूस ओळखू येतो.

पिकअप

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार हलली की वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, बस. एका कॉइलचा असेल तर आवाज स्वच्छ, काचेसारखा, पण आजूबाजूच्या विजेची गुणगुण पण पकडतो. यावर गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने दोन कॉइल उलट जोडून गुणगुण मारायची युक्ती काढली, पेटंटसाठी अर्ज १९५५ साली केला, तो हंबकर. त्याचा आवाज जाड, मध्य भरलेला आणि जास्त ताकदीचा, म्हणून ॲम्पचा आवाज लवकर फाटतो. फेंडरची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर गिटार सिंगल कॉइलची आणि गिब्सनची लेस पॉल पुढे हंबकरची, रॉकमधले अर्धे वाद या दोघींमधलेच. जिमी हेंड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी करून वाजवायचा, त्यामुळे ब्रिजकडचा तिरका पिकअपही उलटा तिरका झाला आणि जाड तारांखाली तो ब्रिजच्या जास्त जवळ आला.

लाकडाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप आणि स्पीकरच्या पुढे लाकडाचा वाटा छोटाच, असं माझं मत आहे, यावरून शिव्या खायची तयारी आहे.

ॲम्प आणि फाटलेला आवाज

रॉकचा आवाज खरं तर एक बिघाड आहे. ॲम्पमधल्या ट्यूबला (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) पेलवेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लाटेचे शेंडे चपटे होतात, आणि चपट्या लाटेत मूळ सुरात नसलेली हार्मोनिक्स येतात, शिवाय मोठे-लहान आवाज एका पातळीला येतात म्हणून सूर लांबतो, यालाच सस्टेन म्हणतात. १९६४ साली 'यू रिअली गॉट मी' या गाण्यासाठी किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला होता, म्हणजे आवाज फाडायला लोक अक्षरशः फाडाफाडी करत होते.

फाटलेल्या आवाजात पॉवर कॉर्डच (षड्ज-पंचम एवढे दोनच स्वर) का वाजवतात याचं उत्तरही इथेच आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे हे फाटणं, दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या पण तयार करतं. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, फरक येतो १, म्हणजे षड्जाच्याच खालच्या सप्तकातला सूर, म्हणून दोन तारा भिंतीसारख्या वाजतात. त्यात गंधार घातला की फरक नको त्या जागी पडतात आणि जरा गेन जास्त असला की नुसता चिखल होतो.

लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर बासमन ॲम्पच्या सर्किटवरून पहिला मार्शल ॲम्प बनला, पण सुटे भाग वेगळे म्हणून आवाज वेगळा. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने लेस पॉल आणि मार्शल स्टुडिओत दणकून मोठ्याने वाजवले आणि पुढच्या सगळ्यांचं ठरूनच गेलं. एडी व्हॅन हेलन तर व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा) लावून ॲम्पला येणारा व्होल्टेज कमी करायचा, म्हणजे ॲम्प दमल्यासारखा वाजायचा.

पेडलमध्ये एकच जवळून बघू, फझ फेस, १९६६चा, आत दोनच ट्रान्झिस्टर. गिटारचा व्हॉल्यूम १० वर असताना तो भसाभसा फाटतो, नॉब ६ च्या आसपास आणला की तेच पेडल चालू असताना आवाज चकचकीत क्लीन होतो. पण यासाठी गिटार थेट त्याच्यातच गेली पाहिजे, मध्ये बफरवालं (सिग्नलला आधार देणारं सर्किट असलेलं) दुसरं पेडल आलं की ही जादू मेली. सुरुवातीच्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर उन्हाने तापले तरी मूड बदलतात. पेडल जोडायच्या क्रमाचं एवढंच, डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) साधारणपणे डिस्टॉर्शनच्या नंतर, नाहीतर सगळे प्रतिध्वनी एकात एक कालवून फाटतात.

गेन वाढवला की बोटांचा आळशीपणाही वाढून ऐकू येतो हे नवीन लोकांना उशिरा कळतं. ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या दोन्ही हातांनी दाबून ठेवणं हेच जोरात वाजवण्यातलं अर्धं कौशल्य. दुसरी चूक म्हणजे खोलीत एकट्याने मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) शून्यावर आणून बेस-ट्रेबल (खालची आणि वरची पट्टी) चढवणं. हळू आवाजात कानाला दोन्ही टोकं कमी ऐकू येतात म्हणून ते भारी वाटतं, पण बँडमध्ये खाली बेस गिटार आणि किक ड्रम, वर झांजा, आणि गिटारची जागा म्हणजे नेमके ते मिड्सच, मग गिटारवाला दिसतो पण ऐकू येत नाही.

स्पीकर, माइक आणि फीडबॅक

गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि हे बरंच आहे, कारण डिस्टॉर्शन थेट मिक्सरला जोडलं तर डब्यात कोंडलेल्या माश्यांच्या घोंघावण्यासारखं ऐकू येतं. माइक स्पीकरच्या मध्यासमोर ठेवला तर आवाज तीक्ष्ण, कडेकडे सरकवला तर गडद, आणि हा फरक एक-दोन इंचांत पडतो.

ॲम्प मोठ्याने वाजत असेल तर स्पीकरमधून आलेला आवाज परत तारेला हलवतो आणि सूर थांबतच नाही, हा फीडबॅक. कुठला सूर धरणार हे गिटार ॲम्पपासून किती लांब आणि कुठल्या कोनात आहे यावर ठरतं, म्हणून स्टेजवर कुठे उभं राहायचं हा पण वाजवण्याचाच भाग. डिजिटल मॉडेलर (ॲम्प-पेडलची नक्कल करणारं यंत्र) आणि कानातले मॉनिटर आल्यावर बाकी सगळं ओळखू येणार नाही इतकं जमलं, पण तारेला हलवायला समोर स्पीकरच नाही, त्यामुळे काही जण खास फीडबॅकचं पेडल घेतात आणि काही जण मॉडेलर असूनही एक छोटा ॲम्प पायाशी ठेवतात.