भीड चेपायला वेळ लागतो: लातुरात शिकायला आलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे काय मिळत नाही, ते आधी सांगतो. सात दिवसांत व्यक्तिमत्त्व बदलून देण्याची हमी मिळत नाही. मुलाला स्टेजवर उभं करून टाळ्या मिळवून देणारी शिबिरं आम्ही घेत नाही. दोन तासांच्या भाषणाने अंगात आलेला जोर सोमवारपर्यंत उतरतो आणि मूल वर्गात पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतं.

आम्ही चालवतो तो १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचा छोटा गट. एका गटात जास्तीत जास्त दहा जण. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, म्हणजे क्लासची टेस्ट आटोपून जेवणं झाली की. अनोळखी माणसाशी बोलणं, मित्रांमध्ये आपलं म्हणणं मांडणं, नको त्याला नको म्हणणं आणि ताण आला की त्याचं काय करायचं, एवढ्याच गोष्टींचा तिथे सराव होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत, त्यांतलीच ही काही. सगळी दहा शिकवतो असा दावा आम्ही करत नाही.

गटात कोण येतं?

दहावीचा निकाल लागला की नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडून मुलं अकरावी-बारावीला आणि नीटच्या तयारीला लातूरला येतात. गावच्या शाळेत हे मूल पहिल्या पाचांत असायचं, सगळे गुरुजी त्याला नावाने हाक मारायचे. इथे क्लासच्या हॉलमध्ये ते शेकड्यातलं एक होतं. कालपर्यंत पेशीविभाजन मराठीत वाचलं, आता तेच इंग्रजीत. रूमवर अनोळखी पार्टनर, मेसचा डबा, आणि टेस्टचा निकाल नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर्गात एखादी गोष्ट कळली नाही तर विचारायची कशी? इंग्रजी चुकेल, शहरातली मुलं हसतील. मग न विचारलेल्या शंका साठत जातात आणि दिवाळीच्या सुटीत मूल घरी येतं ते गप्प होऊनच.

लातुरातच वाढलेली मुलंही आमच्याकडे येतात. त्यांची अडचण बहुधा वेगळी असते: फोनवर तासन्‌तास बोलतील, पण समोरच्या काकांशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की घशाला कोरड.

एक फरक मात्र पालकांनी ध्यानात घ्यावा. अबोल असणं वेगळं आणि लोकांची धास्ती घेणं वेगळं. काही मुलांना दोनच मित्र पुरतात, गर्दीपेक्षा पुस्तक किंवा चित्रकलेची वही बरी वाटते. त्यांना बदलायची काही गरज नाही, आणि तसं आम्ही पहिल्याच भेटीत पालकांना सांगून परत पाठवतो. आम्ही मुलाला साधा प्रश्न विचारतो: तुला एकटं बसायला आवडतं, की एकटं बसावं लागतं? ‘बसावं लागतं’ असं उत्तर आलं, तर आमचं काम सुरू होतं.

हे याच वयात का होतं

कारण या वयात इतरांच्या नजरेचं वजन फार वाढतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली या अवस्थेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. किशोरवयीन मुलाला सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत: आपले केस, आपली चप्पल, आपला उच्चार. खरं तर समोरचाही आपल्याच चपलेच्या काळजीत असतो. शिवाय मेंदूतला भावनांचा भाग या वयात जोरात चालतो आणि थांबून विचार करणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं. म्हणून ‘एवढं काय त्यात घाबरायचं?’ हा मोठ्यांचा प्रश्न मुलाला पटत नाही. त्याला खरोखरच तेवढं वाटत असतं.

भीती टिकते कशी, जाते कशी

हा या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. वेळ कमी असेल तर एवढा तरी वाचा.

मुलगी वर्गात हात वर करायचं ठरवते. छाती धडधडते. ती हात वर करत नाही. लगेच बरं वाटतं. हे बरं वाटणंच घातक, कारण मेंदू त्यातून शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धडधड आणखी लवकर सुरू होते. सहा महिन्यांत ती हात वर करण्याचा विचारही सोडून देते आणि घरचे म्हणतात, ‘आमची पहिल्यापासून लाजाळूच आहे.’

याला उपाय एकच: टाळायचं नाही, पण एकदम उडीही मारायची नाही. गटात प्रत्येक जण स्वतःची शिडी लिहून काढतो. कमीत कमी भीतीची गोष्ट खाली, सगळ्यात अवघड वर. हात वर करू न शकणाऱ्या मुलीची शिडी साधारण अशी होते. आधी शेजारणीला शंका विचारायची. मग तास संपल्यावर मैत्रिणीला घेऊन सरांकडे जायचं. मग एकटीने जायचं. मग प्रश्न वहीत लिहून घ्यायचा आणि वर्गात तो वाचून विचारायचा. शेवटी न लिहिता विचारायचा. एकेक पायरी इतक्या वेळा करायची की तिचा कंटाळा यावा. कंटाळा आला की वरची पायरी. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने, आणि घाई केल्याने काही लवकर होत नाही.

प्रत्येक कामाआधी मूल एका ओळीत लिहितं: काय होईल असं वाटतं? काम झाल्यावर खाली लिहितं: काय झालं? ‘सगळे हसतील’ या वाक्याखाली ‘दोघांनी मागे वळून पाहिलं, सरांनी उत्तर दिलं’ असं चार वेळा लिहिल्यावर जो फरक पडतो, तो आमच्या शंभर उपदेशांनी पडत नाही. कधी कधी खरंच कुणी तरी हसतं. तेही लिहायचं, आणि पुढे काय झालं तेही. बहुधा पुढे तास चालू राहतो.

मुलं नकळत आडोसे घेतात, त्यांच्याकडे आम्ही विशेष लक्ष देतो. अनोळखी लोकांत गेलं की फोन कानाला लावणं, बोलताना खाली बघणं, सगळं एका दमात घाईने बोलून टाकणं, आधी दहा वेळा मनात घोकणं. आडोशामुळे तेवढी वेळ निभते, पण ‘फोन होता म्हणून वाचलो’ असंच मनात बसतं आणि भीती आहे तिथेच राहते.

गावात करायची कामंही आम्ही देतो. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारून येणं. मेसवाल्या मावशींना नीट शब्दांत सांगणं की भाजीत मीठ जास्त पडतंय. बँकेत स्वतःचं पासबुक भरून आणणं. रूम पार्टनरला रात्री अकरानंतर आवाज कमी करायला सांगणं. मोठ्यांना ही कामं पोरकट वाटतील, पण यातलं एकही काम आजवर सहज न जमलेली हुशार मुलं आम्ही पाहतो, आणि त्यात त्यांचा दोष कमीच. घरात ही कामं नेहमी दुसऱ्या कुणी तरी करून टाकलेली असतात.

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलण्याची पद्धत, ज्यांनी मांडली, त्या अल्बर्ट एलिस यांना तरुणपणी चारचौघांत बोलण्याची फार भीती होती. त्यांनी मुद्दाम सभांमधून बोलायला सुरुवात केली आणि बोलून बोलून ती भीती घालवली. पुढे १९५५च्या सुमारास त्यांनी उभारलेली पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. मराठीत तिच्यावर वाचण्यासारखं पुष्कळ आहे, पालकांनी जरूर वाचावं. आमच्या कामाचा पायाही तोच: आधी कृती, धीर मागून येतो.

नाही म्हणणं

रूमवर राहणाऱ्या मुलांना हे फार लवकर लागतं. उसने पैसे, प्रॅक्टिकलचं जर्नल, रात्रीची भटकंती, कधी सिगारेट. मुलं नकार देताना कारण देतात आणि तिथेच फसतात, कारण समोरचा ते कारण खोडून काढतो. ‘आज पैसे नाहीत’ म्हटलं की ‘मग उद्या दे’ येतंच. म्हणून ‘मला नाही जमणार’ हे वाक्य तिथेच थांबवायची सवय आम्ही जोड्या करून घेतो. आवाज न चढवता, न हसता, लागलं तर तेच वाक्य पुन्हा. पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू येतं.

त्रास नुसत्या आग्रहापुरता न राहता छळापर्यंत गेला, तर तो मुलाने एकट्याने सोसायचा नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि वसतिगृहालाही लागू आहे. रेक्टरकडे किंवा कॉलेजकडे लेखी तक्रार कशी करायची ते आम्ही मुलांना दाखवतो.

ताणाचं काय करायचं

थोडा ताण हवाच. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच दाखवून दिलं होतं की ताण अगदीच नसला तर काम ढिलं पडतं, आणि अवघड कामात तो हाताबाहेर गेला तर काम बिघडतं. म्हणून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला आम्ही देत नाही. तो कुणाला पाळताही येत नाही.

नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एका प्रश्नावर मूल अडकतं, घाबरतं, आणि त्या घबराटीत पुढचे दहा सोपे प्रश्न चुकवतं. त्या क्षणासाठी आमच्याकडे अगदी साधी कृती आहे: पेन खाली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास घेताना लागतो त्याच्या दुप्पट वेळ तो सोडायला घ्यायचा, असं तीन-चार वेळा, आणि तो प्रश्न सोडून पुढे. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, त्यात चमत्कार काही नाही. पण ही कृती परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. ती रविवारच्या प्रत्येक टेस्टला करायची.

झोपेबद्दल आमचं मत अनेक पालकांना आवडत नाही, तरी सांगतो. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिराच झोप येते. त्यात आळस नसतो. रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ‘पहाटे वाचलेलं लक्षात राहतं’ म्हणून चारला उठवलं, तर वाचलेलं पक्कं करण्याचं जे काम मेंदू झोपेत करतो, तेच आपण काढून घेतो. पहाटे चारलाच उठायचं असेल तर आठला झोपावं. दोन्हीकडून झोप कापणं परवडत नाही.

पालकांकडून आमची अपेक्षा

मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलालाच देऊ द्या. आमच्याकडे पहिल्या भेटीत ‘नाव काय?’ असं मुलाला विचारलं, तर उत्तर अनेकदा आईकडून किंवा बाबांकडून येतं. तो वेळ घेईल, अडखळेल, तुमच्याकडे बघेल. तुम्ही खिडकीबाहेर बघा.

पाहुण्यांसमोर ‘काकांना ती कविता म्हणून दाखव’ हे बंद करा, आणि त्याच्या देखत ‘हा जरा घाबरटच आहे’ असं कुणाला सांगणं त्याहून आधी बंद करा. मामाच्या मुलाचे गुण घरात निघतातच, ते थांबणार नाहीत हे आम्हालाही कळतं, पण निदान टेस्टच्या दिवशी तरी नको.

रात्रीच्या फोनवर पहिला प्रश्न ‘किती पडले?’ हा नसावा. जेवणाचं विचारा, पार्टनरचं विचारा, गावाकडची एखादी बातमी सांगा. गुणांचं मूल स्वतः सांगतं, फक्त त्याला त्या फोनची धास्ती वाटता कामा नये. आणि दुसरा रस्ता मोकळा आहे हे एकदा स्वच्छ बोलून टाका. बारावीत विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते, नीट पुन्हा देता येते, आणि डॉक्टरकीशिवायही माणसं पोटापाण्याला लागतात. हे आम्ही सांगितलं तर मूल ऐकून घेतं. तुमच्या तोंडून आलं तरच त्याचा विश्वास बसतो.

आमचं काम कुठे संपतं

आम्ही समुपदेशक आहोत, डॉक्टर नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली, आवडत्या गोष्टीतही मन लागेना, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होऊ लागलं, मूल स्वतःला इजा करू लागलं किंवा ‘मी नसलेलाच बरा’ अशा अर्थाचं काही बोललं, तर मनोविकारतज्ज्ञांकडेच जायला हवं. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं शांतपणे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. अठरा वर्षांखालील मुलांसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. दोन्ही क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

गटात मूल जे बोलतं ते आम्ही पालकांना सांगत नाही. ही अट तुम्हाला मान्य नसेल तर प्रवेश घेऊ नये, कारण तिच्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. अपवाद दोनच: मुलाच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लैंगिक अत्याचार कळला तर. दुसऱ्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, आणि हे मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

प्रवेशाविषयी

पहिली भेट विनामूल्य. आधी मुलाशी एकट्याशी वीस मिनिटं, मग सगळ्यांनी मिळून. गट बारा रविवारांचा असतो, प्रत्येक बैठक दीड तासाची. मुलींना हवा असेल तर वेगळा गट आहे. शुल्क दोन हप्त्यांत भरता येतं. पहिल्या दोन बैठकांनंतर मुलाला नको वाटलं तर पूर्ण पैसे परत, आणि ‘का नको’ असं आम्ही विचारत नाही. ‘नको’ तेवढं त्याने स्वतः येऊन किंवा फोन करून आम्हाला सांगायचं. पालकांचा फोन त्यासाठी चालत नाही.