ठाण्याच्या उन्हात उणे ४० अंश

ऑटोमॅटिक गाडी घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर ट्रकांमागे मुंगीच्या पावलांनी सरकत असते. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण गिअरबॉक्समधलं तेल तापत जातं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर चाकांकडे जातो तो या तेलातूनच. गाडी रेंगाळली की तेल नुसतं घुसळलं जातं आणि तो जोर उष्णता होऊन बसतो. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस या तेलाला मानवतं. १२०च्या पुढे ते झपाट्याने काळं पडतं, सील कडक होतात.

यावर नजर ठेवतो तेलात बुडालेला थर्मिस्टर, म्हणजे मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडांचा छोटा मणी. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते, हा मणी तापला की कमी. हा उलटा गुण मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. २० अंशांना अडीच हजार ओहम रोध असणारा सेन्सर ८० अंशांना जेमतेम तीनशेवर येतो. गाडीचा कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्टेज उरलं, त्यावरून तापमान ठरवतो.

आता भर मे महिन्यात स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर, तेलाचं तापमान उणे ४० दिसलं, तर? वायर तुटली की रोध अनंत होतो, पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात आणि कॉम्प्युटरला ती कडाक्याची थंडी वाटते. सोबत बहुधा पी०७१३ हा बिघाडाचा कोड येतो. हा कोड सर्किटबद्दल बोलतो, सेन्सरबद्दल नाही! म्हणून पार्ट मागवण्याआधी कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरचा जोड, उघडून पाहायलाच हवा. पावसाळ्यानंतर त्याच्या पिना हिरवट पडलेल्या सापडतात. पिना स्वच्छ असतील तर मल्टिमीटर लावायचा; सेन्सर बाहेर काढता येत असेल, तर कोमट पाण्यात धरल्यावर ओहमचा आकडा सरसर उतरला पाहिजे.

सेन्सरच गेला असेल, तर काम मोठं. बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत, तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीवर असतो. तेल काढून खालचा तेलाचा चेंबर खोलावा लागतो, गॅस्केट नवं लागतं. तेल भरताना घाई नको. तापलं की ते फुगतं, म्हणून त्याची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासायची असते, आणि ते तापमान स्कॅनरवर सांगतो हाच नवा सेन्सर.